रेडिओवर याडीचं रडणं

त्या वर्षांत आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त राहायचा. भाव पडलेला होता आणि बा, म्हणजे माझे वडील, भाव चढायची वाट पाहत होता. वाट पाहायला जागा लागते, आणि ती आमच्याकडे एकच होती, पुढची खोली. तिच्यात छातीपर्यंत कापूस भरलेला असायचा आणि आम्ही पाच जण मागच्या खोलीत आणि अंगणात. शहरातल्या लोकांना वाटतं की कापूस म्हणजे मऊ. कापसाशेजारी महिनाभर निजून पाहावं, अंगाला अशी खाज सुटते की माणूस स्वतःचं नाव विसरतो. पण एक गोष्ट खरी, कापूस भरलेल्या खोलीत आवाज फार चांगला लागतो. घुमत नाही की फाटत नाही. भिंतीच्या खिळ्याला आमचा रेडिओ टांगलेला होता, आणि त्यातली बाई बोलायला लागली की आपल्याच चुलीपाशी बसून बोलते आहे असं वाटायचं. बा संध्याकाळी त्या ढिगावर चढून बसायचा, पेटी मांडीवर घ्यायचा आणि भजन म्हणायचा. त्याचा आवाज मोठा होता. त्यापलीकडे तांड्यात कोणी त्याबद्दल काही बोलत नसे.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा कळंबच्या रस्त्याला फाट्यापासून आत होता. घरात आम्ही गोरबोलीच बोलायचो, आई म्हणजे याडी, बाहेरचा माणूस म्हणजे कोर. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडी बोलायला लावलं आहे, कारण वाचणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. तर त्या वर्षांत आमच्याकडे कोर लोक फार यायचे. कोणी कागद घेऊन, कोणी कॅमेरा घेऊन. येणारा प्रत्येक जण विचारायचा की कसं काय चाललंय, आणि आपण सांगायला लागलो की घड्याळ बघायचा. मग यवतमाळच्या रेडिओ केंद्रावर नवे साहेब आले, खेडकर नावाचे, पुण्याकडचे. त्यांना बहुतेक वरून सांगितलेलं असावं की जिल्ह्यातल्या लोकांचं मन जरा रमवा. त्यांनी कार्यक्रम काढला, खेड्यापाड्यांत कोणाला ठाऊक नसलेले गाणारे-वाजवणारे हुडकायचे, केंद्रावर बोलवायचे, ऐकायचे आणि चांगले असतील त्यांना रेडिओवर लावायचं. फीबी नाही, ओळख नाही, नुसता एक फॉर्म. फवारणी कोणती करायची ते सांगून झालं की रेडिओवरची बाई रोज म्हणायची, तुमच्या गावात आहे का असा आवाज? बा रेडिओकडे पाहून मान हलवायचा.

फॉर्म मी भरला, कारण घरात बारावी झालेली मीच. पथकप्रमुखाचं नाव, रामधन. पथकात पाच जण. गायनप्रकार, भजन. पुढे रकाना होता, गुरूचे नाव. बाने मान वर करून खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "रेडिओ लिही."

"रेडिओ गुरू असते काय, बा?"

"मले कोणी शिकवलं मग? तुह्या आज्यानं?"

मी रेडिओ लिहिलं. खाली बाने सही केली. आणखी दोन कोऱ्या कागदांवरही करून ठेवली, साहेबाला लागली तर असावी म्हणून. तो तसा पुढचा विचार करणारा माणूस होता.

माझ्या बाबतीतही त्याने पुढचा विचार केला होता. दारव्ह्याकडच्या एका तांड्यात माझं लग्न ठरवलं होतं. मुलगा धडधाकट होता, घरी दोन विहिरी होत्या, आणि त्या वर्षांत दोन विहिरी म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारत नसे. मला तो मुलगा नको होता असंही नाही, मी त्याला धड पाहिलाही नव्हता. मला यवतमाळला नर्सिंगला जायचं होतं. माझं नाव यादीत लागलं होतं आणि अमुक तारखेच्या आत जाऊन प्रवेश घ्यायचा होता, नाहीतर खालच्या नंबरची पोरगी वर सरकणार. मी हे बाला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे नाही. याडी तेव्हा चुलीपुढे बाटी थापत होती, आमच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. तिने मानही वर केली नाही. मला तिचा फार राग आला. पुरुषांसमोर ती कधीच काही बोलायची नाही, होकारही नाही, नकारही नाही. मला वाटायचं की हिला काही वाटतच नाही.

केंद्रावरून बोलावणं आलं. बा, चार भजनवाले, पेटी, ढोलक, टाळ, मी कागदपत्रांसाठी आणि याडी बाट्या आणि ठेच्यासाठी, अशी वरात सकाळच्या बसने निघाली. केंद्राच्या आवारात लिंबाखाली जिल्हाभरातून आलेली पथकं बसली होती. कोणी बासरी पुसत होता, कोणी संबळ उन्हात तापवत होता, एक म्हातारा नुसताच डोळे मिटून बसला होता. साहेब खांद्याला टेपचं मशीन लटकवून सगळ्यांमधून हिंडत होते आणि प्रत्येकाला नाव, गाव, काय गाणार ते विचारून, दोन ओळी म्हणायला लावून टेप करत होते. आमचा नंबर आला तेव्हा बाची मंडळी आत गेली. दार उघडलं तेव्हा मला आतल्या जाड मऊ भिंती दिसल्या. मला वाटलं, इथेही कापूस भरलाय, बाला परकं वाटणार नाही.

दार लागलं आणि फाटकातून शेवंता मावशी आत आली. ही याडीची धाकटी बहीण, उमरखेडकडे दिलेली. तिचा नवरा त्याच्या पथकात डफ वाजवायचा, आणि तीसुद्धा आमच्या याडीसारखीच बाट्यांसाठी आली होती. दोघी चार वर्षांत भेटल्या नव्हत्या. पूर्वी लग्नाकार्यात भेट व्हायची. त्या वर्षांत लग्नंही घाईने आणि थोडक्यात उरकायची, सगळ्या पाहुण्यांना बोलावणं कोणाला जमत नव्हतं.

इथे आमची एक रीत सांगावी लागेल. आमच्या बायका फार दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, आणि ते रडणं गाऊन असतं. त्याची चाल ठरलेली असते, शब्द मात्र जिचे तिने आणायचे. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने त्याला उत्तर द्यायचं. त्यात कोण मेलं, कोण जन्मलं, कोणती गाय विकली, सासूने काय केलं, सगळं येतं. संपलं की डोळे पुसायचे आणि चहा झाला का म्हणून विचारायचं. याचा नियम असा की रडण्यात बाई जे बोलली ते कोणी तिला परत बोलून दाखवायचं नाही. पुरुषांनी तर तिथे थांबायचंच नाही, उठून बैल पाहायला जायचं. सासू उपाशी ठेवते असं सून रडण्यात सांगते, आणि तीच सासू शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते, पण चकार शब्द काढत नाही. मीही तो नियम आता मोडतेच आहे. पण याडी गेली, मावशी गेली, आणि इतकी वर्षं लोकांना सुया टोचून झाल्यावर मला आता कोणाचं भेव राहिलेलं नाही.

तर लिंबाखाली दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले आणि सुरू झाल्या. आमच्या तांड्यात याडीसारखं रडणारी कोणी नव्हती, हे मला माहीत होतं, पण ते कौतुक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मला लाज वाटली. सगळी पथकं पाहत होती. बासरीवाल्याने बासरी खाली ठेवली. याडीने आधी आपल्या आईचं सांगितलं, की तू गेलीस तेव्हा मला निरोप उशिरा आला, मी आले तेव्हा तुझी जागा सारवून झाली होती. मावशीने त्याला उत्तर दिलं. मग याडी म्हणाली, आणि हे मी चालीविना लिहिते आहे, त्यामुळे निम्मं गेलंच समजा, ती म्हणाली: बाई, माझ्या पोरीचं नाव यादीत लागलं. मला वाचता येत नाही, तरी मी तो कागद घेऊन तिच्या नावावर हात फिरवते. तिला विहिरीच्या घरी देऊन राहिले बाई, तिला कोणी विचारलं नाही. मला तरी कोणी विचारलं होतं का बाई, मी पंधरा वर्षांची होते. माझी पोरगी शिकायला जाऊ दे, मग मी मेले तरी चालेल.

मी कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होते. तिने त्या यादीला कधी हात लावला, मला ठाऊक नव्हतं. मी मोठ्याने रडायला लागले, पण ते साधं रडणं होतं, बेसूर, त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दोघींचं आटोपलं. डोळे पुसून मावशीने विचारलं, "ठेचा आणला का?" तेव्हा दिसलं की खेडकर साहेब मशीन धरून दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत आणि चक्र फिरतं आहे. त्यांचेही डोळे ओले होते. एक शब्द कळलेला नव्हता, तरी ओले होते. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बाळ, असं मी आजवर ऐकलं नाही. हे आम्हाला लावायचंय. वडिलांचं भजन ठीक आहे, पण तशी भजनं आमच्याकडे ढीगभर आली आहेत. त्यांना मी कळवतो हं नंतर." मग याडीकडे वळून म्हणाले, "ताई, हे रेडिओवर लावलं तर चालेल का?"

याडी कोर माणसाशी बोलत नसे. तिने मला विचारलं, "कोठी ऐकू जाते हे?"

"सगळ्या जिल्ह्यात," साहेब म्हणाले.

याडीने पदर नीट केला. "दारव्ह्याकडं बी?"

"हो, अगदी स्पष्ट."

"मंग कोठी आंगठा लावू?" याडी म्हणाली.

मावशीनेही अंगठा लावला. पथकप्रमुखाची सही पाहिजे होती, ती कोऱ्या कागदावर तयारच होती. साहेबांनी मला सांगितलं की वर दोन ओळींत आशय लिही. मी लिहिलं: दोन बहिणी फार वर्षांनी भेटतात आणि माहेरची आठवण काढतात. हे खोटं नव्हतं. बा बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता आणि फार खूश होता. याडी त्याला बाटी वाढत होती. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं असं आता वाटतं, पण तेव्हा त्याचं तोंड पाहून जीभ उचलली नाही.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. आपल्या पथकाचे सादरीकरण अमुक वारी सायंकाळी प्रसारित होईल, असं बाच्या नावाने छापील. साहेब नंतर कळवणार होते ते एवढंच. बाने कार्ड नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला दाखवलं, कळंबच्या चहावाल्याला दाखवलं, बसच्या कंडक्टरला दाखवलं. दारव्ह्याला निरोप गेला. होणारे व्याही मोटरसायकलवर आपल्या भावाला मागे बसवून स्वतः आले, सोयऱ्याचा मान म्हणून. रेडिओ खिळ्यावरून काढून नायकाच्या ओट्यावर आणला. नारळ फोडला. बा इस्त्रीचा सदरा घालून पेटीजवळ बसला, कोणी म्हटलंच की इथेही म्हणून दाखव, तर असावी म्हणून. बायका मागे भिंतीकडेला. याडी सगळ्यांत मागे, तांदूळ निवडत होती. त्या दिवशी तिने ते तांदूळ तीनदा निवडले.

रेडिओवरच्या बाईने नावं सांगितली. तांड्याचं नाव, रामधन यांचं पथक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "दोन बहिणींची भेट," बाई म्हणाली. बा शेजाऱ्याला म्हणाला, "हे नाव साहेबानं ठेवलं असन. आपल्या भजनाले नाव नव्हतं." आणि रेडिओतून याडी रडायला लागली.

बाई रडायला लागली की पुरुषांनी उठायचं असतं. आधी नायक उठला. मग एकेक करून सगळे उठले, पटके सावरत, जोडे शोधत, आणि गोठ्याकडे बैल पाहायला गेले. व्याहीसुद्धा गेले. बा सगळ्यांत शेवटी उठला. रेडिओ बंद कोणीच केला नाही, कारण जो बंद करेल त्याने ऐकलं असं झालं असतं. आवाज तर गोठ्यापर्यंत खणखणीत जात होता, यादीपर्यंत, विहिरीच्या घरापर्यंत, मला कोणी विचारलं होतं का बाई इथपर्यंत. व्याह्यांनी आमच्या बैलाचं तोंड उघडून दात पाहिले. मग दुसऱ्याचे पाहिले. मग परत पहिल्याचे. आमचे बैल इतके कोणी कधी पाहिले नसतील. संपल्यावर रेडिओने कापसाचे भाव सांगितले आणि सगळे परत येऊन बसले.

चहा झाला. भजनाबद्दल कोणी विचारलं नाही. व्याही बशी खाली ठेवून म्हणाले, "यंदा आमी विहिरीचं काम काढून राह्यलो. लग्नाचं तं यंदा जमत नाही दिसत."

"विहिरीचं काम तं मोठं असते," बा म्हणाला.

"मोठंच. पुढच्या सालाचं बी काही सांगता येत नाही. तुमाले थांबवून ठेवणं बरं नाही."

"खरं हाय."

त्यांच्या दोन्ही विहिरींना चांगलं पाणी होतं. पण कोणाला काही ऐकूच आलेलं नसल्यामुळे कोणाचा अपमान झाला नाही, आणि ठरलेलं लग्न एका कप चहात मोडलं.

साहेबांच्या त्या कार्यक्रमातून आमच्या भागातले दोघे-तिघे खरंच पुढे आले, तो डोळे मिटून बसलेला म्हातारा तर दिल्लीला जाऊन गाऊन आला. याडीला आणि मावशीला मात्र साहेबांनी पुन्हा बोलावलं तेव्हा फजिती झाली. त्या मऊ भिंतींच्या खोलीत दोघींना बसवलं, दिवा लागला, आणि दोघी गप्प. मावशी म्हणाली, "आमी तं सकाळीच स्टँडवर भेटलो. रडून झालं." साहेब म्हणाले, थोडं परत नाही का जमणार? याडीने मला सांगितलं, "त्याईले सांग, सहा महिने तं जाऊ द्या." साहेबांनी दोघींना चहा पाजला आणि बसभाडं दिलं.

रेडिओच्या त्या संध्याकाळनंतर बा आठ दिवस याडीशी बोलला नाही. तसा तो एरवीही फार बोलत नसे, पण हे न बोलणं वेगळं होतं. तो पेटीलाही शिवला नाही. मला त्याचं वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण प्रवेशाची शेवटची तारीख आली होती आणि ती त्याच्यासमोर काढायची कशी ते मला कळत नव्हतं. त्या सकाळी त्याने पेटी फडक्यात बांधली आणि अंगणात उभा राहून, कोणाकडेच न पाहता म्हणाला, "मी यवतमाळले जाऊन राह्यलो. पेटीचा भाता फाटला. कोणाले काही काम असन तं चाला." मी कागदांची पिशवी घेऊन त्याच्या मागे धावले. भाता फाटलेला नव्हता. मी आत फॉर्म भरत होते तितका वेळ तो कॉलेजच्या पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसून होता. परत येताना बसमध्ये त्याने एकच विचारलं, "साहेबाले भजन आवडलं नाही काय?"

"आवडलं म्हणाले, बा. पण भजनं लय आली होती."

"हां," तो म्हणाला. "भजनाचं तसंच हाय." आणि पेटीच्या फडक्याची गाठ पुन्हा बांधली. त्याच्यावर मी आयुष्यात सर्वांत जास्त माया केली असेल तर ती त्या बसमध्ये.

होस्टेलला जायच्या दिवशी याडी मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. पत्र्याची पेटी तिच्याच डोक्यावर होती, मला घेऊ देत नव्हती. रस्त्याच्या कडेला पेटी उतरवली, आणि काही न बोलता तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि चाल धरली. पहिली ओळ म्हटली आणि थांबली. आता उत्तर मी द्यायचं होतं. मला ते येत नव्हतं. लहानपणापासून ऐकलं होतं, पण शिकले कधीच नव्हते, शाळेतल्या पोरी हसतील म्हणून. तिने दुसऱ्यांदा तीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबली. तिच्या खांद्यावर तोंड ठेवून मी जे होतं ते सांगून टाकलं, "मले भेव वाटून राह्यलं, याडी."

तिची चाल तुटली. तिने हात काढून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"असं नुसतं बोलून सांगता येते काय?" तिने विचारलं.

"येते."

लांबून बस येताना दिसत होती. याडीने इकडेतिकडे पाहिलं, फाट्यावर दोन-चार माणसं उभी होती, पुरुषच होते. तिने पदराने तोंड पुसलं आणि त्या सगळ्यांसमोर, चाल न लावता म्हणाली, "मंग मले बी वाटून राह्यलं."